खाचेतली दोन टिंबं

एस्किल नॉर्बेक पहिल्यांदा भेटले ते हार्डवेअरच्या दुकानात. साहित्यात पदवी घेऊन मी तिथे रंगांच्या काउंटरवर उभी होते. त्यांनी कपडे धुण्याच्या सोड्याची सगळी खोकी मागितली.

"एवढे कपडे?" मी विचारलं.

"पाने. गंजलेले. तू काय शिकलीस?"

"साहित्य."

"मग रंग विकतेस ते बरोबर आहे."

तेव्हापासून मी त्यांची पंडितबाई.

सरोवराकाठच्या आमच्या गावात पूर्वी स्क्रूपान्यांचा कारखाना होता. फिरकी फिरवली की जबडा उघडतो-मिटतो, ते पाने. माझ्या जन्माआधीच तो बंद पडला. एस्किल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर गॅरेजात बसून जुन्या पान्यांचा गंज काढायचे आणि पाना कुठला, कधीचा, ते ठरवायचे. जबड्याचा उतार, दांड्याच्या टोकाचं भोक, फिरकीवरच्या रेघा, सगळं भिंगाखाली.

जुनी हत्यारं जमवणाऱ्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात ओळख न पटलेल्या वस्तूंचं एक टेबल असतं. तिथे लोक त्यांची वाट पाहत. एकदा ओहायोचा ड्वाइट एक पाना घेऊन आला.

"सगळे म्हणतात पहिल्या महायुद्धाआधीचा आहे. तू फक्त हो म्हण."

"सगळे म्हणतात तर माझं काय काम?"

"एस्किल, लग्नाच्या वेळी बायकोवरही कारखान्याचा छाप शोधला होतास काय?"

"शोधायला लागला नाही. तिनेच माझ्या गालावर उठवला होता."

खूण दिसल्याशिवाय ते बनवणाऱ्याचं नाव घेत नसत. ड्वाइटचा पाना तसाच परत गेला.

त्यांना स्वतःला एकच पाना हवा होता. त्यांचे वडील, गुस्ताफ, त्या कारखान्यात जबडे घासायचे. कामगाराने मालावर स्वतःची खूण करायची नाही, असा मुकादमाचा हुकूम होता. पण एखादा पाना मनासारखा उतरला, की गुस्ताफ फिरकीच्या खाचेत, आतल्या बाजूला, टोकदार पंचाने दोन टिंबं ठोकायचे. एक एस्किलचं, एक सिग्नेचं. सिग्ने मोठी बहीण. ती डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हा तिने ती बोटाने चाचपली होती. एस्किल सहा वर्षांचे असताना वडील गेले. काकांनी हत्यारांची पेटी विकली. घरात त्यांच्या हातचं काही राहिलं नाही.

सिग्ने आता नव्वदीची, वृद्धाश्रमात. डोळे जवळजवळ गेलेले. बाबांचा पाना एकदा हातात धरायचा, एवढंच ती म्हणायची.

मार्चमध्ये एका बंद पडलेल्या गोठ्याच्या लिलावात एस्किलना बादलीच्या तळाशी एक पाना मिळाला. गंजाचा गोळाच. त्यांनी खाचेत नख घातलं. तसेच उभे राहिले.

"एक आहे," ते म्हणाले.

"आणि दुसरं?"

"गंजाखाली असेल. नाहीतर हे एकही गंजानेच पाडलेलं असेल."

"असाच न्या सिग्नेकडे. तिला एक पुरेल."

"एक पुरत असतं तर त्यांनी दोन का ठोकली असती?"

गंज काढायची त्यांची पद्धत ठरलेली. सोड्याच्या पाण्यात पाना लटकवायचा, शेजारी भंगार पत्रा. बॅटरी चार्ज करायच्या यंत्राचा काळा चिमटा पान्याला, लाल पत्र्याला. गंज आपोआप सुटतो. चिमटे उलटे लागले तर पत्रा स्वच्छ होतो आणि पाना खाल्ला जातो. नवशिक्याला पहिल्यांदा हेच सांगतात. मलाही त्यांनीच सांगितलं होतं.

त्या आठवड्यात त्यांचं जुनं यंत्र मेलं, त्यांनी नवं आणलं. जुन्याचा काळा चिमटा उजवीकडे असायचा. नव्याचा लाल उजवीकडे. हाताला वर्षानुवर्षांची सवय. डोळ्यांना कुणी विचारलंच नाही. शुक्रवारी त्यांनी पाना पाण्यात सोडला आणि ते मासे खायला माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये गेले. गंज जाड होता म्हणून रविवारपर्यंत झाकण उघडलं नाही.

रविवारी मी गॅरेजात गेले तेव्हा ते स्टुलावर बसले होते. पत्रा लखलखत होता. त्यांच्या हातातला पाना उंदरांनी कुरतडल्यासारखा. खाचेत नुसते खड्डे.

"चिमटे," ते म्हणाले.

मी पाहिलं. मी म्हणाले, "चूक कुणाचीही होते."

"नवशिक्याची होते."

"सिग्नेला सांगितलंय?"

"शुक्रवारीच फोन केला. म्हटलं, सापडला. रविवारी आणतो."

खूण पुरती दिसण्याआधी नाव घेतलं, ते आयुष्यात याच एका पान्याचं.

त्याच कारखान्याचे कितीतरी पाने भिंतीवर टांगलेले होते. मी म्हणाले, "दुसरा न्या. मी पंचाने दोन टिंबं ठोकून देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहित्य शिकलीस ते दिसतंय."

गाडी मी चालवली. पाना फडक्यात, त्यांच्या मांडीवर.

सिग्नेने केस नीट विंचरून घेतले होते. टेबलावर वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता.

"आणलास?"

त्यांनी पाना तिच्या हातात दिला. तिने खाच शोधली. बोट आत घातलं.

"एक," ती म्हणाली. "दोन."

एस्किल जमिनीकडे पाहत होते.

बोट थांबलं नाही. "तीन. चार. एस्किल, बाबा एवढी नव्हते ठोकत."

"नाही."

"आपण दोघंच होतो."

"हो."

"मग हा दुसऱ्या कुणाचा तरी."

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. पण सांगणार काय? तो बाबांचाच होता, हे तरी त्यांना कुठे माहीत होतं? आता ते कुणालाच कळणार नव्हतं.

"सांगता येत नाही, सिग्ने."

"येतं की. मी सांगते ना." तिने पाना त्यांच्याकडे सरकवला. "बाबांच्या हातचा असा खडबडीत नसायचा. आता म्हातारा झालास, नजर गेली तुझी."

"गेली."

"तरी शोध. पुढचा लिलाव कधी आहे?"

"एप्रिलमध्ये."

"मग आहे की वेळ," सिग्ने म्हणाली आणि पावाची बशी चाचपत त्यांच्यापुढे ढकलली.