डाकोटाच्या शेपटीवरची खूण

उलव्याच्या खाडीत दोघांची जाळी एकमेकांत अडकली, की पोलीस पाटलाला कोणी हाक मारत नसे. हाक जायची काशिरामनानाला. नाना यायचा, काठावर फतकल मारायचा, गुंता मांडीवर घ्यायचा आणि नुसता चाचपून सांगायचा, "हा तुझा, हा त्याचा. उठा आता." आमच्याकडं प्रत्येक घराची जाळ्याच्या वरच्या दोरीत आपली खूण असते. कुणाच्या दोन जोडगाठी, कुणाची दोरीला मारलेली जादा मुरड. नानाच्या घराची तीन गाठी, मग चार बोटं मोकळी, मग एक गाठ. खुणेच्या बाबतीत नानाचा शब्द म्हणजे देवाचा कौल. बाकी बाबतींत तो नुसता नानाचा शब्द. माशाची लांबी नाना सांगायला लागला की आम्ही ती मनातल्या मनात निम्मी करून घ्यायचो.

तर या माणसानं चाळीस वर्षं गावाला एकच गोष्ट ऐकवली. "डाकोटा इमानाची शेपूट मी शिवलीय. माझी खूण हाय तिच्यावर."

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन लोकांकडं डाकोटा विमानं उरली, लग्नघरी बुंदी उरते तशी. परत न्यायची तर खर्च, टाकून द्यायची तर लाज. मग विका मिळेल त्या भावाला. कालपर्यंत ज्या शेठकडं गिरणी नाहीतर मोटारी होत्या, तो दोन डाकोटा घेऊन हवाई कंपनीचा मालक झाला. आत सोजिरांच्या बाकड्यांच्या जागी खुर्च्या ठोकल्या, बाहेरून रंग फासला, दारात एक बाई हसऱ्या तोंडानं उभी केली, की झाली कंपनी. उतारू कुठून आणायचे, हा प्रश्न पुढचा. अख्ख्या देशात विमानाचं तिकीट परवडणारी माणसं मूठभर, आणि त्यांना ओढायला कंपन्या डझनभर. आमच्या जेट्टीवर एका उतारूला चार होडीवाले ओढतात, तसलाच प्रकार, फक्त टाय लावून.

सत्तेचाळीस साली नाना जुहूला मामाकडं राहत होता. तिथल्या विमानतळावर अशाच एका शेठच्या कंपनीत चिकटला. विमानतळावर कोळ्याचं काय काम, असं गावानं त्याला हजारदा विचारलं असेल. डाकोटा सगळी पत्र्याची, पण तिच्या शेपटीचं सुकाणू कापडाचं. होडीला असतं तसंच सुकाणू, फक्त पाण्याऐवजी वाऱ्यात. पत्र्याच्या फासळ्यांवर कापड ताणायचं, मेण लावलेल्या दोऱ्यानं फासळीफासळीला गाठी मारत शिवायचं, वर रसायन फासायचं, की कापड ढोलकीसारखं वाजतं. आणि गाठ कुठली, तर जाळ्याची. गोऱ्यांच्या पुस्तकातसुद्धा तिला जाळ्याचीच गाठ म्हणतात. नानाला वेगळं शिकवायला लागलं नाही. फक्त एक गोष्ट होती. नाना डावरा. त्याची प्रत्येक गाठ आरशात बघितल्यासारखी उलटी. गावात त्याचं जाळं सोडवायला घेणारा शिव्या देतच सोडवायचा. विमानाला मात्र उलटं-सुलटं कळत नव्हतं. ते उडायचं.

उडालं तीन वर्षं. मग कंपनी झोपली. तशा बऱ्याच झोपल्या, आणि ज्या जाग्या होत्या त्या त्रेपन्न साली सरकारनं एका दावणीला बांधल्या. विमान शेडमध्ये गेलं, नाना खाडीत आला. येताना पैसा आणला नाही, गोष्ट तेवढी आणली.

गोष्टीवर विश्वास कोणाचाच नव्हता. बळीराम तर उघड म्हणायचा, "काश्या, तू इमानाखाली झाडू मारत व्हतास. शेपूट तुला दिसली आसंल, वाकलेला व्हतास म्हनून." हा बळीराम नानाच्या बरोबरीचा, शेजारच्या होडीचा, आणि खाडीत नानाच्या खालोखाल जाळं ओळखणारा. नाना मेला तर निवाडे आपल्याकडं येतील, या आशेवर त्यानं तब्येत सांभाळली होती.

एकोणनव्वद साली पनवेलच्या पुढं, पुण्याच्या रस्त्याला, इंद्रजीत नावाच्या मुंबईच्या शेठनं हॉटेल काढलं. लोकांना नुसती मिसळ खाऊन समाधान होत नाही, विमानात बसून खाल्ली की होतं, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यानं जुहूच्या शेडमधली एक जुनी डाकोटा भंगारात उचलली आणि ट्रेलरवर घालून आणली. पंख वेगळे, शेपूट वेगळी. मासळीबाजारात सुरमई पडते तशी ती आठ दिवस रस्त्याकडेला पडून होती.

नाना बघून आला. रात्रभराचा ताप असल्यासारखे डोळे करून म्हणाला, "आमचीच हाय ती."

"मग खूण दाखव," बळीराम म्हणाला. सगळे बसले होते, जाळी वाळत होती. "रविवारी सगळीच जाऊ. तीन गाठी, चार बोटं, एक गाठ. दिसली तर मी पाया पडतंय तुझ्या. नाय दिसली, तर खुणेची बात काढायची नाय. जाळ्याचा निवाडा पन नाय. जो सोताची खूण खोटी सांगतो, तो दुसऱ्याची काय सांगंल?"

यावर कोणी हसलं नाही. बोलणं बरोबर होतं. नाना म्हणाला, "या रविवारी."

घरी त्याची बायको, रंभाकाकी, सुकट निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "काय वो, तुमची खूण तिथं हाय ना? का तिची पन लांबी निम्मी करायची?"

नाना जेवला नाही. शुक्रवारी सकाळीच हॉटेलवर गेला आणि शेठला म्हणाला, "शेट, शेपटीचं कापड फाटलंय. मी शिवून देतंय. दोन टायमाचं जेवान द्या, झालं." इंद्रजीतशेठ तिथं रेक्झिन ठोकणार होता. फुकटचा कारागीर मिळाला तर तो कोणाला नको?

शुक्रवार-शनिवार नानानं जुनं कापड टराटरा फाडून काढलं, नवं मांजरपाट ताणलं आणि शिवलं. खालच्या कडेला, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, तीन गाठी, चार बोटं मोकळी, एक गाठ. वर शेठच्या माणसानं चंदेरी ऑइलपेंट मारला. शनिवारी पनवेलच्या बाजारात मासळी विकून झाल्यावर रंभाकाकी नवऱ्याला बघायला तिथवर गेली. जुन्या कापडाचं भेंडोळं धुळीत पडलेलं बघून म्हणाली, "टाकताव कशाला? कोंबड्यांच्या खुराड्यावर घालीन." आणि पाटीत घालून घेऊन गेली.

रविवारी आम्ही वीसेक जण गेलो. बायकाही आल्या, कारण विमान फुकट बघायला मिळत होतं. नाना शेपटीशी उभा राहिला, त्यानं नुसतं बोट दाखवलं.

बळीरामनं हात लावला. "एक. दोन. तीन." मग चार बोटं ठेवली. मग, "एक."

नानाची छाती पुढं आली. बळीराम पाया पडायला वाकला, अर्ध्यात थांबला आणि परत सरळ झाला. त्यानं गाठीवरचा रंग नखानं खरवडला. चंदेरीखालून निळा दोरा चमकला. लखलखीत निळा.

"काश्या," बळीराम एवढ्या प्रेमानं बोलला की अंगावर काटा यावा, "आपल्या खाडीत नायलॉन कवा आला रं? माजा थोरला रांगत व्हता तवा ना? आनि त्याच्या आगुदर समदी सुताची जाळी. मग गोऱ्यांनी तुला सत्तेचालीस साली नायलॉन कंचा दिला?"

झालं होतं असं, की नानाच्या खिशात कायम असायचं तेच रीळ होतं. चाळीस वर्षांची गोष्ट शिवायला बसलेला माणूस दोरा मात्र कालचा घेऊन बसला. हात सवयीचा, दोरा सवयीचा, आणि पुढं उभी असलेली माणसंही सगळी दोरा ओळखणारी.

बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत, ते जास्त वाईट. नाना तिथंच चाकावर बसला. "खूण घातली व्हती मी," तो म्हणाला. "आयच्यान घातली व्हती. पारशी साहेब तपासायला आला. बोलला, ये क्या जास्तीका गाँठ लगाया, मछली पकडनेका है क्या? समोर उभं राहून उसवाया लावली."

"म्हंजे खूण नव्हतीच."

"नव्हती."

"चालीस वर्सं नव्हती."

"नव्हती, बाबा! शिवली मीच व्हती पन."

"शिवली आसशील," बळीराम म्हणाला. या 'आसशील'नं नाना जितका खचला तितका 'खोटारडा' म्हटल्यानं खचला नसता.

परत येताना बळीराम पुढं, नवा न्यायाधीश असल्यासारखा. नानाच्या दारावरून जाताना रंभाकाकीनं हाक मारली, "भावोजी, येवढा मोठा निवाडा केलाव, च्या तरी पिऊन जा." नाही म्हणणं शोभलं नसतं. बळीराम खुराड्याशेजारच्या दगडावर बसला. खुराड्यावर ते जुनं कापड होतं, दोऱ्यांसकट, कडेनं गाठी लोंबत होत्या. कोळ्याची बोटं मोकळी बसत नाहीत. चहा येईस्तोवर ती एका गाठीवर गेली.

गाठीवर थांबली. मग दुसरीवर, मग तिसरीवर. त्यानं दोरा चिमटीत धरला, तो जुन्या मेणासकट भुसा होऊन हातात आला. असलं कुजणं दोन दिवसांत कोणाला जमत नाही, नानालाही नाही. आणि गाठी सगळ्या उलट्या. एकूणएक डाव्या हाताच्या. ज्या सोडवताना गावानं चाळीस वर्षं शिव्या घातल्या होत्या, त्या गाठी बळीरामच्या बोटांना अंधारातसुद्धा कळल्या असत्या.

नानाला हे कधी दिसलंच नव्हतं. आपला हात डावा आहे हे माणूस बघत बसतो थोडाच? खूण घालायच्या नादात त्यानं अस्सल पुरावा फाडून कोंबड्यांना दिला होता.

बळीरामनं चहा घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायला. नाना उंबऱ्यात मान खाली घालून बसला होता. बळीराम उठला, खुराड्याकडं बघितलं आणि म्हणाला, "वयनी, कोंबड्यांना जपा. काश्यानं शिवलंय, उडतील." आणि निघून गेला. पायाबिया कोणी पडलं नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या गावच्या कल्पेशची आणि मोरा बंदरातल्या एका होडीवाल्याची जाळी अडकली. हातघाईवर आलं. आम्ही सगळ्यांनी बळीरामकडं बघितलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ती पाळी त्याच्यासमोर उभी होती. त्यानं गुंता उचलला, चाचपला, खाली ठेवला आणि चिडून ओरडला, "माज्या तोंडाकडं काय बगताव? बलवा त्या नायलॉनला!"

नाना आला. तेव्हापासून मरेपर्यंत त्याला गावात दुसरं नाव नव्हतं.