गच्चीवरची हिरव्या खणाची काठी

सुनयनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सोसायटीच्या जिन्यात. बांबूचं एक टोक तिच्या खांद्यावर होतं आणि दुसरं टोक धरलेला तिचा नवरा कुलदीप अजून खालच्या मजल्यावर होता. बांबू लिफ्टमध्ये मावला नव्हता. वळणावर ती म्हणाली, “सर, तुमच्या भिंतीला लागू देत नाही.” आणि खरंच लागू दिला नाही.

न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात ती नोकरी करते. हौस मात्र हॅम रेडिओची, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून लांबच्या हौशी लोकांशी बोलण्याची. परीक्षा झाली, सरकारी परवाना आला, जुना सेटही मिळाला. अडलं ते गच्चीवर. अँटेनाशिवाय सेट मुका, आणि गच्ची सोसायटीची. सेक्रेटरी शहाजी वाशी मार्केटातला कांद्याचा व्यापारी. असल्या तारांनी डोकं दुखतं, हे त्याचं ठाम मत. तिने विचारलं की तो ‘मीटिंगमध्ये बघू’ म्हणे, आणि मीटिंग पाण्याच्या टँकरवरच संपे. शेवटी कंटाळून म्हणाला, एखाद्या सुट्टीला लावून बघा, पण संध्याकाळी उतरवा.

सुट्टी मिळाली ती पाडव्याची. नवराबायकोने बांबू उभा केला, टोकापासून दोन्हीकडे तारा कठड्यापर्यंत ताणल्या, आणि वरच्या जोडात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा डबा उपडा घातला. मग ती खाली सेट जुळवायला गेली.

शहाजीची आई मुक्ताबाई कुरडया बघायला गच्चीवर आल्या. उंच काठी, वर उपडं भांडं. आजकालच्या पोरींना गुढीला वस्त्र नेसवायचंही सुचत नाही, असं पुटपुटत त्यांनी हिरवा खण आणून हात पोचला तिथे बांधला, साखरेची गाठी अडकवली, हळदकुंकू लावलं. दिवस मावळायला आला तरी ‘गुढी’ उभीच, म्हणून त्या खाली सुनयनाच्या घरी तिला बजावायला आल्या. मी तिथेच सेट बघत बसलो होतो.

सुनयना हसली नाही. त्यांना खुर्ची देत म्हणाली, “आजी, ती गुढी नाही, माझी अँटेना आहे. उतरवणारच आहे. त्याआधी जरा ऐका.”

खरखरीतून एक माणूस बोलू लागला. कोरेगावचा होता. मळणी चाललीय आणि आभाळ भरून आलंय, असं सांगत होता. मुक्ताबाईंचं माहेर कोरेगावचं. त्या सेटलाच म्हणाल्या, “आरं, मग जोंधळा आत घे की.”

सुनयनाने बटण दाबून तेच सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “घेतला म्हणावं. आणि आजींना नमस्कार.”

मुक्ताबाईंनी पदर सावरला. तेवढ्यात शहाजी दारात आला. संध्याकाळ झाली, काठी उतरवा म्हणाला.

“तिला हळदकुंकू लावलंय मी,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“आई, ते गुढी समजून. गुढीसुद्धा आता उतरवतातच.”

“गुढी न्हवंच ती. दसऱ्याला तू वजनकाटा पुजतोस, तो काय सांजच्याला मोडीत घालतोस व्हय?”

शहाजी माझ्याकडे बघू लागला. मी सेटकडे बघत राहिलो. जाताना तो एवढंच म्हणाला, विजेसाठी अर्थिंग करून घ्या, आणि तारा कुणाच्या वाळवणाच्या आड येऊ देऊ नका.

बांबू अजून गच्चीवर आहे. खण उन्हाने विटला, पण सुनयनाने सोडलेला नाही. रोज सकाळी ऑफिसची बस धरण्याआधी ती सेटवर बसते आणि कोरेगावची हवा मुक्ताबाईंना फोनवर कळवते.