बाथरूम पाहून रडू आलं

दुभाषीबाई खोटं बोलत नसत. त्या भाषांतर करत, आणि त्यात मीठ थोडं कमी-जास्त पडलं तर एवढं काय मोठं? तीस वर्षं शाळेत परकी भाषा शिकवून निवृत्त झालेल्या बाई. चर्चमध्ये दरवर्षी परदेशातून सेवेला येणाऱ्या तरुण पोरापोरींचं बोलणं मंडळीला समजावून सांगायचं काम पाळकांनी अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात घातलं होतं. पाहुणे म्हणाले, 'इथे किती घाण आहे,' की बाई सांगायच्या, 'सेवेला इथे पुष्कळ वाव आहे म्हणतात.' 'इतके गरीब, तरी इतके हसरे,' म्हणाले की बाई अर्धं गिळायच्या आणि नुसतं हसरं तेवढं मंडळीच्या पदरात टाकायच्या. मंडळी खूश, पाहुणे खूश, पाळकांचे तर पाय जमिनीला लागत नसत.

फक्त एकदा हा मिठाचा हात बाईंच्या स्वतःच्या घरात फिरला. दोन वर्षांपूर्वी त्या पोरांबरोबर एक डॉक्टर आले होते. बाईंचे यजमान मिस्त्री, टाइल्स बसवण्यात उभी हयात गेलेली. त्यांना नुकताच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, तोंड एका बाजूने उतरलं होतं आणि डावा हात लोंबत होता. डॉक्टरांनी हात दाबला, टाचणी टोचून पाहिली आणि बाईंना म्हणाले, 'यांना सांगा, हा हात आता काम करणार नाही. दुसरं काहीतरी बघा.' मिस्त्री बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाईंच्या तोंडून निघून गेलं, 'हळूहळू येईल म्हणतात. कामात ठेवा.'

झालं! तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी रबरी चेंडू दाबत बसायचे. 'अगं, आज करंगळी हलली!' 'हो का!' म्हणून बाई स्वयंपाकघरात जायच्या आणि उगाचच भांडी आपटायच्या. चेंडू हातातून सुटला की मिस्त्री स्वतःलाच 'आळशी!' म्हणून शिव्या घालायचे. त्यांना एकच धास्ती होती. ज्या दिवशी यांना खरं कळेल, त्या दिवशी हा माणूस अंथरूण धरेल तो पुन्हा उठायचा नाही.

यंदा पाळकांनी एक पाहुणी त्यांच्याकडे उतरवायचं ठरवलं आणि मिस्त्रींच्या अंगात वारं शिरलं. बाथरूमला नव्या टाइल्स, आणि त्याही स्वतःच्या हाताने! शेजारी म्हणाले, माणूस लावा. 'हात कामात ठेवायचाय, डॉक्टरांनी बजावलंय,' मिस्त्री म्हणाले. बाई काय बोलणार? उजव्या हातात थापी, डाव्या मनगटाने टाइल रेटायची, खांद्याने दाबायची. अडीच महिने लागले, सात टाइल्स फुटल्या, आणि तिसरी ओळ खिडकीकडे उतरत गेली ती गेलीच. मिस्त्रींनी ओळीला दोरी लावून पाहिली आणि गुंडाळून ठेवून दिली. बाईंनी पाहिलं आणि चहा टाकला.

पाहुणी आली. एकोणीस वर्षांची, ताडमाड उंच, स्वभावाने गरीब. तिच्या बॅगेत पाणी गाळायचं यंत्र, जंतू मारायचे तीन साबण आणि टॉयलेट पेपरची पाच रिळं. जणू जंगलातच निघाली होती. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये गेली ती अर्धा तास बाहेर येईना. मिस्त्री दाराशी कौतुकाने उभे. 'बघत असेल. घाई करू नकोस तिला.'

रविवारी उपासना संपल्यावर पाहुण्यांनी एकेक करून पुढे येऊन आपलं पहिलं मत सांगायचं, असा रिवाज. आधी एक चष्मेवाला आला. तो म्हणाला, 'मला वाटलं होतं इथे वीज नसेल. ती आहे हे पाहून मी जरा हिरमुसलो.' बाईंनी सांगितलं, 'तुमची प्रगती पाहून मी थक्क झालो.' टाळ्या! मग आमची पाहुणी उभी राहिली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच बाकावर बसले होते.

'पहिल्या दिवशी बाथरूम पाहून मला रडू आलं,' ती म्हणाली. 'एकच नळ, वाकड्या टाइल्स. वाटलं, माणसं अशी कशी राहतात? मग त्या घरचे काका अर्ध्या तोंडाने हसले, आणि देवाने मला किती दिलंय ते कळलं.' एवढं बोलून ती पुन्हा रडली. पोरगी मनापासून बोलत होती, तिला काय दोष द्यायचा?

बाईंनी एक श्वास घेतला. 'ती म्हणते, बाथरूम पाहून मला रडू आलं. काका हसले आणि देवाने मला किती दिलंय ते कळलं.'

आता यात खोटा शब्द कुठला, सांगा! मंडळी गहिवरली. मागच्या बाकावरून कुणीतरी मिस्त्रींची पाठ थोपटली. मिस्त्री मात्र खाली बघत होते.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. 'वाकडं म्हणाली ना ती?'

बाई चरकल्या. 'कोण म्हणालं?'

'अगं, त्यांच्या भाषेतला तेवढा एकच शब्द मला येतो. लग्नाआधी त्यांच्यातल्याच एका साहेबाच्या साइटवर वर्षभर होतो. त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता.'

'अहो, तिच्या मनात तसं काही...'

'टाइल्स वाकड्या आहेत, मला डोळे आहेत. पण तो शब्द तू खाल्लास.' मिस्त्रींनी डावा हात मांडीवर ओढून घेतला. 'मग डॉक्टर काय म्हणाले होते?'

बाई पदर सावरत स्वयंपाकघराकडे वळल्या.

'शब्दाला शब्द सांग.'

बाईंनी सांगितलं. धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारख्या उभ्या राहून, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. 'मला भीती वाटली हो,' शेवटी त्या म्हणाल्या. 'तुम्ही अंथरूण धराल म्हणून.'

मिस्त्री उठले. बाई धावल्या, पण ते बिछान्याकडे गेलेच नाहीत. बाथरूममध्ये जाऊन उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी तिसऱ्या ओळीवर टेकवला.

'दोन वर्षं,' ते म्हणाले, 'दोन वर्षं मी स्वतःला शिव्या घालतोय. म्हटलं, डॉक्टर हात येईल म्हणतात आणि येत नाही, म्हणजे मीच आळशी. मीच कमी पडतोय. तू रोज ऐकत होतीस ना?'

बाई रोज ऐकत होत्या. पण त्या शिव्यांचं मूळ आपल्याच मिठात आहे, हे अंथरुणाची धास्ती घेऊन बसलेल्या बाईंना कधी सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात टॉवेल घेऊन पाहुणी दाराशी आली. दोघांची तोंडं पाहून तिने घाबरून काहीतरी विचारलं.

'काय म्हणते?' मिस्त्रींनी विचारलं.

'विचारते, सगळं ठीक आहे ना.'

'मग सांग की तिला.'

'काय सांगू?'

'नाही म्हणून सांग.'