सत्काराचा बार

वेल्ह्याच्या बाजारात कुणाचा ना कुणाचा सत्कार चालूच असतो. निवडून आला म्हणून, पडला तर लढला म्हणून, आणि दोन्ही नसेल तर वाढदिवस म्हणून. त्या दुपारचा सत्कार निवडून आलेल्याचा होता. मंचावर अकरा खुर्च्या होत्या आणि एकोणीस माणसं. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस अशा वेळी 'ज्येष्ठ मार्गदर्शक' होतो, म्हणून मलाही वर बसवलं होतं.

विजयी उमेदवाराचे चुलते डोंगरातल्या वाडीवरून थेट मंचावर आले. खांद्याला ठासणीची बंदूक. भातात डुकरं शिरतात म्हणून त्यांना तिचा परवाना होता. निवडणुकीपुरती पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक त्यांना नुकतीच परत मिळाली होती. आनंदाच्या प्रसंगी आमच्याकडे अशा बंदुकीचा कोरा बार काढतात. नुसती दारू ठासायची, छर्रे घालायचे नाहीत. आवाज होतो, इजा होत नाही, त्यामुळे कुणी मागेही सरकत नाही.

चुलते आदली रात्र शेतात राखणीला बसले होते. डुक्कर आलं नाही. त्याच्यासाठी भरलेले छर्रे नळीत तसेच राहिले, आणि म्हातारा ते विसरला. ते बंदूक आभाळाकडे धरून चाप ओढत होते, त्याच क्षणी एका उत्साही कार्यकर्त्यानं त्यांच्या गळ्यात पाच किलोचा हार टाकला. नळी खाली झुकली.

समोरच्या माडीवर शिलाईचं दुकान होतं. ते चालवणारी बाई खिडकीत उभी राहून सत्कार बघत होती. नवरा वारला होता. दोन मुली आणि सासू तिच्या मशीनवर जगत होत्या. छर्रे तिच्या तोंडावर बसले.

पोलिसांनी जबाब घेतले. बंदूक खुर्चीवरून पडली आणि आपोआप उडाली, असं पहिल्या साक्षीदारानं सांगितलं. बाकीच्यांनी तेच, त्याच शब्दांत. माझ्या जबाबाच्या आधी चुलत्यांचा निवडून आलेला पुतण्या माझ्या घरी आला. चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली.

"भाऊसाहेब, म्हातारं मानूस हाये, जेलात मरंल. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला काय सांगायचं!"

शिकलेल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. माझं लक्ष हाराकडे होतं, बंदुकीकडे नव्हतं, असं मी लिहून दिलं. मी चुलत्यांपासून दोन हातांवर बसलो होतो.

महिन्याभरानं ती बाई पुण्याच्या दवाखान्यातून परत आली. दोन्ही डोळे गेले होते. मी भेटायला गेलो. ती मशीनसमोर बसली होती, सवयीनं.

"कोन?"

मी सांगितलं.

"बसा, भाऊसाहेब. चहा मात्र सासूबाईंच्या हातचा. गोड लागला न्हाई तर मला बोलू नका." मग म्हणाली, "बंदूक पडली म्हनत्यात. पडली का?"

"नाही."

"मंग तुमी काय लिवलं?"

मी सांगितलं. तिनं कपाटाकडे हात केला. "वरच्या कप्प्यात धा ब्लाऊज कापून ठिवल्यात. बायका माघारी न्यायला येत्यात, तवा मला म्हनत्यात, देवाची करनी. देवानं चाप वढला व्हय?"

"मी उद्या ठाण्यात जातो," मी म्हणालो.

"उद्या कशाला? माझं काय उजाडनार हाये?" ती उठली. "आत्ता चला. म्या येती."

माझं कोपर धरून ती जिना उतरली. भरल्या बाजारातून आम्ही हळूहळू निघालो. दुकानदारांचं बोलणं आमच्यापुढे थांबायचं आणि मागे पुन्हा सुरू व्हायचं.

"हितं कोन गप झालं?"

"किराणावाले."

"आन् हितं?"

"सलूनमधली माणसं."

"समदी होती की त्या दिवशी." तिनं कोपर जरा घट्ट धरलं, एवढंच.

ठाण्यात हवालदारानं तिला खुर्ची दिली आणि माझा जुना जबाब काढला. "हितं तर तुमी बघितलंच न्हाई म्हनताय, भाऊसाहेब. आता ही मंडळी तुमाला सोडत्याल का? इचार करा."

"बघितलं होतं. चाप त्यांनीच ओढला."

तो कागदावर पेन टेकवून माझ्याकडे पाहत राहिला.

तिनं मान किंचित कलती केली. बराच वेळ ऐकत राहिली.

"लिवत न्हाईत का, वो?"

मग पेनाचा आवाज सुरू झाला.