शेजारच्या दारातली लोखंडी खुर्ची

लालबागच्या आमच्या चाळीत बसायला कधी कुणाला खुर्ची लागली नाही. उंबरठा होता, गॅलरीचा कठडा होता, पाहुणा आलाच तर पाट. पण संपाच्या वर्षी शेजारच्या काकांनी आपल्या दारात एक लोखंडी खुर्ची आणून ठेवली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ते आजही पुरतं थांबलेलं नाही.

काका आणि माझे बाबा एकाच गिरणीत. काका वर्कशॉपमध्ये वेल्डर, बाबा साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, विणकर. मोठ्या साहेबाच्या बंगल्यात हिरवळीवर जुन्या लोखंडी खुर्च्या होत्या, त्यांची डागडुजी करायला काकांना धाडायचे. त्या खुर्च्या काकांच्या डोळ्यांत बसल्या होत्या. एकच नळी वाकवून पाय, हात आणि पाठ केलेली. मागे पायच नाहीत, त्यामुळे बसलं की खुर्ची हलकेच दबते आणि पुन्हा वर येते. बसायला, टेकायला नायलॉनच्या हिरव्या दोरीची वीण. गिरणी बंद पडल्यावर काकांनी घोडपदेवला ओळखीच्या एका शेडमध्ये तश्शी खुर्ची बनवली. दादरच्या गच्चीवाल्या लोकांकडून मागणी यायला लागली.

काकांची मुलगी माझ्याच वर्गात. ती त्या खुर्चीत डुलत भूगोल पाठ करायची. "बस ना गं तूपण," म्हणायची. तिचा हा चांगुलपणा तर मला खुर्चीहून जास्त खुपायचा. मी कधी बसले नाही. आमच्या दारात बाबा उंबरठ्यावर बसून सुतळीला गाठी मारायचे, सोडायचे, पुन्हा मारायचे. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारी ती बोटं. काकांचं कसब गिरणीबाहेर येऊन भाकरी कमवत होतं, बाबांचं आतच कोंडून पडलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका सकाळी बाबा सभेला गेलेले असताना काका दारात आले.

"गो, तुझो बापूस खंय? त्याका सांग, खुर्च्यांची दोरी विणूक माणूस होयो. त्याच्यासारखो हात दुसऱ्या कोणाचो नाय."

त्यांच्या मागे ती मुलगी खुर्चीत डुलत होती. मला एकदम दिसलं, बाबा त्यांच्या दारात खाली बसून विणताहेत आणि ही वर बसून बघतेय.

"बाबा म्हणतात, संप मिटेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावणार नाही," मी म्हणाले.

बाबा असं काही म्हणाले नव्हते. पण त्या दिवसांत असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे, तो त्याचा अपमान झाला असता. काकांनी मान डोलावली. "बरोबर आसा त्याचा," म्हणाले आणि गेले. आठवड्याभरात विणायला दुसरा माणूस मिळाला. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून लोक आपलं नाक कापतात. मी बाबांचं कापलं.

बाबांचे साचे पुन्हा सुरू झालेच नाहीत. पुढे ते दादरच्या एका इमारतीत वॉचमन झाले. दुपारचा डबा मी न्यायचे. तिथल्या बागेत काकांच्या हातच्या चार खुर्च्या होत्या. बाबा फाटकापाशी स्टुलावर बसायचे.

एकदा त्यांनी मला हाताला धरून त्या खुर्च्यांपाशी नेलं. "ही वीण बघ. किती ढिली. गाठी सगळ्या वर, बसणाऱ्याला टोचणार नाहीत का?" वाकून त्यांनी एक गाठ सोडली, नव्याने मारली आणि दोरीखाली दडवली. त्यांच्या आवाजातली जळजळ माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"भिंतीला भिंत लावून राहिलो इतकी वर्षं," ते म्हणाले. "पण त्याला माझी आठवण झाली नाही बघ."

मी डबा उघडला. भेंडीची भाजी आहे, एवढंच सांगितलं.