परवाची पाटी

जुन्या तिजोऱ्यांची वयं सांगण्यात मिस्त्रींची हयात गेली, पण दारावरची पाटी त्यांनी कधी आधी वाचली नाही. "पाटी काय, गाढवाच्या गळ्यातही अडकवता येते," म्हणायचे, आणि आधी दाराची आतली बाजू चाचपायचे.

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने त्यांना दुकानात बोलावलं. "ही तिजोरी शंभर वर्षांची आहे, मिस्त्री. तेवढं लिहून द्या." दारावर नामांकित कारखान्याची पितळी पाटी झळाळत होती, तीही आजकालच्या स्टारच्या स्क्रूंनी बसवलेली.

मिस्त्रींनी आधी दाराची आतली बाजू चाचपली, मग पाटीकडे पाहून नाक मुरडलं. "हे स्क्रू काय तुमच्या पणजोबांनी पिळले?"

त्यांनी पाटी उतरवली. मागे जुना रंग होता आणि दुसऱ्याच पाटीची चार भोकं.

"मूळची कुठाय?"

"गंजकी होती हो, नावही कुणी न ऐकलेलं. गेल्याच आठवड्यात भंगारात घातली."

मिस्त्रींनी आतले अडसर पुन्हा निरखले आणि कपाळावर हात मारला. "अहो दीडशहाणे, तिजोरी खरंच शंभरीची दिसतेय! त्या गंजक्या पाटीवरच्या नंबरावरून सालासकट सिद्ध झालं असतं. आता मी छातीठोकपणे एकच लिहून देतो: पाटीचं वय, आठ दिवस."