मर्मज्ञांना शेवट मी सांगितला

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर आमच्यात उखाणा लागतो. मला आज उखाणा नको. श्यामकांत महादेव बिवलकर. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पुढेही करीन. पण जे सांगायचंय ते अहो-जाहोत मावणार नाही.

आम्ही घाटकोपरला राहतो, पूर्वेच्या बैठ्या चाळीत. श्यामकांत विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर. सकाळी डबा सायकलला अडकवून निघायचा, साडेपाचला परत. पाच दिवस इतरांसारखाच घामेजलेला माणूस. पण शनिवार उजाडला की त्याची चाल बदलायची. शनिवारी साप्ताहिक ‘उपनगर-दीप’ निघायचं आणि त्याच्या तिसऱ्या पानावर ‘मर्मज्ञ’ या नावाने सिनेमाचं परीक्षण यायचं. मर्मज्ञ म्हणजे आमचा श्यामकांत. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतची माणसं ते वाचून तिकीट काढायचं की नाही ते ठरवत. न्हाव्याच्या दुकानात याला रांग नसायची. खुर्ची पुसून द्यायचे म्हणे.

आता ऐका. या मर्मज्ञांनी गेल्या पाच वर्षांत एकही सिनेमा धड पाहिलेला नाही.

टॉकीजमधले दिवे गेले रे गेले की याचा डोळा लागायचा. नावं सरकतायत तोवर मान छातीवर. घोरायचा नाही, तेवढं एक बरं. साप्ताहिकाला दोन पास मिळत, एक झोपायला आणि एक बघायला. बघायला मी.

घरी आलं की चहा घेऊन हा बैठकीवर बसायचा, मांडीवर पाट, पाटावर कागद. बाजूला दोन आण्याची गाण्यांची चोपडी. त्या चोपडीत नटनट्यांची नावं असतात, सगळी गाणी असतात, गोष्टही असते; पण गोष्ट ऐन मोक्यावर सोडून देतात आणि खाली छापतात, ‘पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा’. ते पुढचं मी सांगायची. नुसती गोष्ट नाही, मतंही माझीच.

‘वैऱ्याची हवेली’त नायिका विधवा झाली, जंगलातून पळाली, नदीत पडली, तरी साडीची इस्त्री काही मोडली नाही. मी म्हटलं, बक्षीस द्यायचं तर तिच्या परटाला द्या. जसंच्या तसं छापलं त्याने. ‘दिल का मुनीम’मधला नायक भुकेने मरतोय आणि खोलीत हा एवढा पियानो. मी म्हटलं, आमच्या खोलीत तो ठेवला तर आम्हाला अंगणात झोपावं लागेल. तेही छापलं. ‘गरुडगर्व’ नावाच्या पौराणिकात देवांच्या राजाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची गोरी खूण होती. ती मला दिसली, कौतुक मर्मज्ञांच्या नजरेचं झालं. ‘डोंगरापल्याड’ सगळ्या पेपरांनी आपटला. मला मात्र त्यातली सासू आवडली होती. सून पळून गेल्याचं कळतं आणि ती काही न बोलता उरलेली भांडी घासत राहते. मी म्हटलं, पूर्ण तीन तासांत एवढंच खरं आहे, पण ते फार खरं आहे. त्या वाक्यासाठी मर्मज्ञांना पार्ल्याच्या एका वाचनालयाने हार घातला. हार घरी आला तो मीच देवाच्या फोटोला घातला.

तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मजा वाटायची. माझं वाक्य छापून आलं की त्याच्या डब्यात एक वडी जास्त ठेवायची. मूर्ख होते.

मग ‘कुंची’ आला. गेल्या दिवाळीनंतर.

आमची शुभा अडीच वर्षांची होऊन गेली. घटसर्प. तीन दिवसांत आटोपलं सगळं. त्यालाही तेव्हा चार वर्षं झाली होती. आणि ‘कुंची’त एक बाई असते, तिचं मूल जातं आणि ती त्याची कुंची तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते. कुणी फेकून देऊ नये म्हणून. रोज तांदूळ काढताना तिचा हात त्या कुंचीला लागतो. सिनेमा तसा काही फार बरा नव्हता. गाणी नको तिथे, विनोदी नोकर नको तेवढा. पण मी रडले. तोंडात पदर कोंबून रडले, तरी मागच्या बाईने मला पाणी दिलं. माझ्या शेजारी माझा नवरा झोपला होता. मुलगी त्याचीही होती.

त्या शनिवारी मर्मज्ञांनी लिहिलं: ‘आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या रिळापासून अशी काही धार लावली की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना छत्री उघडावी लागली. असल्या बायकांना सिनेमा दाखवण्यापेक्षा दोन कांदे चिरायला द्यावेत.’

हे मात्र त्याचं स्वतःचं वाक्य. पाच वर्षांतलं पहिलं.

चाळ आठवडाभर हसत होती. नळावर गेले की, वहिनी छत्री आणलीत का? भाजीवालीसुद्धा कांदे तोलताना माझ्याकडे बघून हसली. नळावर न हसणारी एकटी शेजारची जानकीकाकू. तिने माझी बादली भरून दारात आणून ठेवली आणि गेली.

मी श्यामकांतला विचारलं, “अहो, हे असं का लिहिलंत?”

“अगं, गंमत आहे ती. लोकांना जाम आवडलंय.”

“मला शुभा आठवली होती.”

तो कॉलरला बटण लावत होता. आरशापासून वळलासुद्धा नाही. म्हणाला, “चार वर्षं झाली आता त्याला. किती दिवस उगाळणार?”

मी भांडले नाही. भांडले असते तर चार भांडी आपटून मोकळी झाले असते, आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं. पास आले की जायची, बघायची, येऊन सांगायची. वडी मात्र डब्यात एकच.

चार महिने गेले. मार्चमध्ये गिरगावातल्या एका मोठ्या दैनिकाचे संपादक अनंतराव धुरी यांनी त्याला बोलावणं धाडलं. मर्मज्ञांची परीक्षणं त्यांनी वाचली होती. म्हणाले, ‘उलटं माप’ परवा लागलाय, त्यावर आमच्यासाठी लिहून आणा. जमलं तर दर शुक्रवारचं पान तुमचं. टोपणनाव नको, खाली पुरतं नाव छापू, श्यामकांत बिवलकर.

घरी आला तो जमिनीवर नव्हताच. कारखान्याचा भोंगा सुटणार, टाइमकीपरचं स्टूल सुटणार, दैनिकात नाव येणार. चाळीसाव्या वर्षी माणसाला दुसरा जन्म मिळाल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. मी साखर हातावर ठेवली. जन्मात त्याला एवढी एकच गोष्ट हवी होती आणि ती आता माझ्या हातात होती, हे मला साखर ठेवतानाच कळलं.

रविवारी दुपारी दादरला खेळ. दिवे गेले, श्यामकांत झोपला.

सिनेमा झकास होता. सुमती नावाची बाई, सासूच्या चुगलीवरून नवरा तिला घराबाहेर काढतो. ती नर्स होते, दहा वर्षं एकटीने काढते. मग नवऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो तिला परत आणतो. दारात तांदळाचं माप ठेवतो, नव्या नवरीला ठेवतात तसं. म्हणतो, ओलांड आणि आत ये. थिएटर चिडीचूप. सुमती बघत राहते. मग ती वाकून माप उचलते, तांदूळ अंगणात चिमण्यांना टाकते, रिकामं माप त्याच्या हातात देते आणि चालू लागते. बस्स. एक शब्द नाही.

अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. बायकांनी पाय आपटले. श्यामकांत दचकून म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “गाणं संपलं.” तो परत झोपला.

संध्याकाळी तो पाट घेऊन बसला. मी तांदूळ निवडत होते. चोपडीत गोष्ट होती ती तिचा नवरा शेखर दारात माप ठेवतो इथपर्यंत. पुढे, ‘सुमती माप ओलांडते का? रुपेरी पडद्यावर पाहा’.

“ओलांडते ना?” त्याने विचारलं.

माझा हात सुपात थांबला. खरं सांगते, पाच वर्षांची सवय जिभेवर आली होती. खरा शेवट ओठांपर्यंत आला होता. दहा वर्षांचा संसार होता, आणि हा माणूस एवढ्या आशेने पेन उघडून बसला होता.

तो हसून म्हणाला, “आणि तू? छत्री उघडलीस की नाही?”

“ओलांडते,” मी म्हटलं. “माप ओलांडून आत येते आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवते. म्हणते, मीच चुकले.”

“वा,” श्यामकांत म्हणाला. “शोभेसा शेवट आहे.”

आणि त्या दिवशी त्याला स्वतःचं सुचायला लागलं. भराभर लिहीत होता. मोठ्याने वाचूनही दाखवलं मला. ‘सुमतीचा तो नमस्कार मी डोळे भरून पाहिला. ऊठसूट रुसणाऱ्या आजच्या गृहिणींनी तो पाहावा, आणि घरी जाऊन गिरवावा.’ मी म्हटलं, छान झालंय. एवढं मन लावून मी कधीच कशाला छान म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी छापून आलं, खाली ठसठशीत नाव. तोवर आठ दिवस ‘उलटं माप’ हाऊसफुल चालला होता. निम्म्या मुंबईने ते रिकामं माप पाहिलं होतं. दुपारी जानकीकाकू पेपर घेऊन आली. काकू मालवणची, लेकीबरोबर सिनेमा बघून आलेली. दारातच म्हणाली, “गो वैनी, तुझ्या घोवान ह्या काय लिवल्यान?” तिने माझ्याकडे नीट बघितलं, पेपराची घडी घातली आणि म्हणाली, “बरा झाला.”

शनिवारी अनंतरावांनी त्याला बोलावलं. परत आला तो स्टेशनवरून सायकल हातात धरून, चालत. खिशात वाचकांनी कचेरीत आणून टाकलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एका बाईने लिहिलं होतं, ‘बिवलकरांनी डोळे भरून पाहिलं ते स्वप्न असावं.’ अनंतरावांनी म्हणे एकच प्रश्न केला होता, शेवटी माप कुणाच्या हातात राहतं? याला सांगता आलं नाही. याने खाली मान घालून विनवलं, उपनगर-दीपला तरी कळवू नका. ते म्हणाले, त्यांनीच सकाळी फोन केला होता.

सोमवारी भोंग्याला विक्रोळीत हजर राहायचं होतं. न्हाव्याकडे आता रांगेत बसायला लागणार होतं. मला आत कुठेतरी थंड वाटत होतं, चार महिन्यांत पहिल्यांदा. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

तो उंबऱ्यात बसला, चपला न काढता. म्हणाला, “तू तर पाहिला होतास ना गं सगळा? शेजारीच होतीस. मग असं कसं सांगितलंस?”

मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“अहो, मी पडले रडणारी बाई,” मी म्हटलं. “छत्रीआडून पडदा नीट दिसला नाही.”